सायकलच्या ट्यूबचा पट्टा

स्टिक हातातून निसटली, झांजेला घासून गेली आणि स्टुडिओच्या भिंतीवरच्या फोमवर आपटून खाली पडली. फोममुळे आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"परत," भोंगा माइकसमोरून म्हणाली.

"परत काय परत!" बांबूने गिटार मांडीवर आडवी केली. "सकाळपासून परतच चाललंय. आधी त्याला पाणी तरी पिऊ दे."

ठोक्या ड्रममागून उठला, वाकला आणि त्याने स्टिक उचलली. उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ आली ती थेट कोपरापर्यंत गेली. तोंड भिंतीकडे होतं म्हणून या दोघांना त्याचा चेहरा दिसला नाही. काचेपलीकडे बटणांसमोर बसलेल्या स्टुडिओवालीला मात्र दिसला असणार. काचेआडून माणसाला काय काय दिसतं हे ठोक्याला धंद्यामुळे चांगलं माहीत होतं. तो खिडक्यांना काचा बसवायचा.

हे तिघं म्हणजे ‘खडखडाट’. ज्यांनी एकेकाळी हे नाव घराच्या भिंतीवर लिहून आईबापांचा मार खाल्ला ते आता पन्नाशीकडे झुकलेत, आणि ज्यांनी हे नाव ऐकलेलंच नाही त्यांचं काही अडलेलं नाही. पंक बँड होता. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपायचं, आणि तेवढ्यात घरमालकापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार होऊन जायचा. त्यांची ‘दार आपटून’ ही रेकॉर्ड गाजली आणि अशी गाजली की पुढची काढायची हिंमतच झाली नाही. दर वर्षी ‘यंदा नक्की’ म्हणायचे. मग भोंगाला मूल झालं, बांबूची आई अंथरुणाला खिळली, रेकॉर्ड कंपनी बुडाली. आता नव्या कंपनीचा एक माणूस आपणहून विचारायला आला होता. त्याची अट एकच होती. मागच्यासारखं हवं, तसाच वेग हवा.

वेग! भोंगा आता दातांच्या दवाखान्यात बसून दिवसभर "बसा, बोलावतील" असं हलक्या आवाजात सांगते. बांबू शाळेची बस चालवतो आणि पोरांनी गोंधळ केला की वैतागतो. तरुणपणी काचा फोडायची गाणी वाजवली आणि जन्मभर काचा बसवल्या, असं म्हणून तो ठोक्याला चिडवायचा. ठोक्या हसण्यावारी न्यायचा. काचेचं काम त्याला मनापासून आवडायचं. चौकटीत काच बसली, कडेने लांबीची पुट्टी भरली आणि अंगठ्याने ती एका दमात सारखी केली की जीव थंड व्हायचा. पण हल्ली तोच अंगठा दगा द्यायला लागला होता. मध्यंतरी एका घराच्या वरच्या मजल्यावर काच धरता धरता हातातून सुटली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. डॉक्टरांनी मनगट इकडून तिकडून वळवून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय?" ठोक्याने खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "दोन्हीपैकी एक तरी सोडा." दुकानाच्या मालकाने बिचाऱ्याने समजून घेतलं. म्हणाला, "तू आता मापं घेत जा, उचलायचं काम दुसरे करतील." मापं घेणं म्हणजे पेन्शनीत जाण्याचाच प्रकार होता. ठोक्या हो म्हणाला.

त्या सकाळी निघताना ताईने त्याच्या मनगटाला पट्टी बांधून दिली होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ठोक्याच्या लग्नाचं राहूनच गेलं, आणि भावोजी गेल्यावर ताई एकटी पडली, म्हणून तो तिच्याकडेच राहायला आला. दोघांचं बरं चाललं होतं, म्हणजे भांडणं वेळच्या वेळी व्हायची.

"घट्ट होतीय का?" ताईने विचारलं.

"होऊ दे घट्ट."

"नवीन गाण्यांतसुद्धा असाच जीव काढायचाय का रे?"

"कंपनीला तसंच पाहिजे ना, ताई."

ताईने पट्टीला पिन लावली आणि त्याचा हात लगेच सोडला नाही. "एक विचारू? त्या जुन्या रेकॉर्डच्या शेवटी यांचा आवाज आहे ना, तो तसाच ठेवलाय का अजून? काढून नाही ना टाकला कुणी?"

"तो कोण काढतोय! लोक तर आमच्यापेक्षा तोच जास्त ओळखतात."

"पण तो यांचा नाहीच आहे," ताई म्हणाली. "कुणा पोराटोराचा वाटतो. परवा मी खूप आठवून बघितलं. चेहरा येतो डोळ्यांसमोर, चालणं येतं, खोकणंसुद्धा येतं. आवाज येत नाही. असं होतं का रे कुणाचं?"

ठोक्याने हात सोडवून घेतला. "होतं गं," असं काहीतरी पुटपुटून तो घराबाहेर पडला आणि बसमध्ये बसल्यावर त्याला स्वतःचा राग आला.

तो आवाज पोराटोराचा का वाटतो, हे जगात चारच माणसांना माहीत होतं. त्यातले भावोजी गेले, उरले तिघं. ताईला यंत्रातलं काही कळत नव्हतं आणि तिला कुणी नीट सांगितलंही नव्हतं.

भावोजींचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. भंगारात निघालेली वस्तू दिसली की त्यांचा हात थांबायचा नाही. असंच एक रेकॉर्डिंगचं मशीन त्यांनी कुठून तरी उचलून आणलं आणि महिनाभर खपून चालू केलं. टेप फिरवणारा रबरी पट्टा तेवढा तुटलेला होता. तसा पट्टा बाजारात कुठे मिळेना. तेव्हा भावोजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक गोल कडी कापली आणि पट्ट्याच्या जागी चढवली. मशीन फिरायला लागलं. "बघा, चाललं की नाही?" ते सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते. त्याच मशीनवर, दुकानाच्या मागच्या खोलीत, सुट्टीच्या दिवशी ‘दार आपटून’ रेकॉर्ड झाली. शेवटचं गाणं संपल्यावर भावोजींनी दारातून विचारलं, "झालं का रे? करू बंद?" तेही टेपवर आलं, आणि गंमत म्हणून पोरांनी तसंच राहू दिलं.

ट्यूब ढिली होती. टेप दमादमाने फिरत होती. त्याच मशीनवर ऐकलं तेव्हा कुणाला काही कळलं नाही, कारण ऐकतानाही ती तशीच दमादमाने फिरायची. कंपनीने मात्र ती टेप आपल्या ठणठणीत मशीनवर चढवली. रेकॉर्ड छापून दुकानात आली, चौघं गोळा होऊन ऐकायला बसले आणि भावोजींनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हे काय! उंदीर गातायत की काय?"

ते दुसऱ्याच दिवशी कंपनीत जाऊन सांगणार होते. पण त्याआधीच कौतुक सुरू झालं. एकाने लिहिलं, असा वेग माणसाच्या हातात असू शकतो यावर विश्वास बसत नाही. दुसऱ्याने लिहिलं, या गायिकेच्या आवाजाला धार लावलेली आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी बरं बोलत होतं. पोरांनी भावोजींना गप्प बसवलं आणि भावोजी, पोरांसाठी, गप्प बसले. मनातून मात्र ते खजील होते. कुणी रेकॉर्डचं नाव काढलं की उठून आत जायचे.

पुढे कार्यक्रमांची बोलावणी आली. लोकांना रेकॉर्डवर होतं तेच समोर ऐकायचं होतं. मग ठोक्या कामावरून आला की उशीवर स्टिक मारत बसायचा. हात भरून यायचे, जेवताना घास हातातून पडायचा. बांबूने तारा ताणून ताणून चढ्या सुरात लावल्या, त्या ऐन गाण्यात तुटायच्या. भोंगा तर आपल्या गळ्याच्या वर जाऊन ओरडायला शिकली, आणि कार्यक्रमानंतर दोन दिवस खुणेने बोलायची. पण जमलं. मशीनने चुकून जे केलं ते तिघांनी खरोखर करून दाखवलं, आणि इतकी वर्षं करत राहिले. ठोक्याला त्याचा गुपचूप अभिमान होता. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी सगळा जमाव त्या बारक्या आवाजाची नक्कल करून ओरडायचा, "झालं का रे! करू बंद?" भावोजी गेल्यानंतर एकदा ताई कार्यक्रमाला आली होती. ती ओरड सुरू झाली तशी उठून निघून गेली. त्यानंतर ती परत कधी आली नाही.

आणि आता मनगट संपलं होतं.

काचेपलीकडचा दरवाजा उघडून स्टुडिओवाली आत आली. तिशी ओलांडलेली, शांत बाई. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं की कॉलेजात असताना ‘दार आपटून’ ऐकून ती या धंद्यात आली. ती ठोक्याजवळ येऊन स्टुलावर बसली.

"दादा, एक सुचवू? रागावू नका. तुम्ही तुमच्या हाताला झेपेल तसं वाजवा. मॅडम आणि सर पण त्याच लयीत करतील. नंतर मी कॉम्प्युटरवर वेग वाढवते. कुणाला कळणार नाही."

 मग बांबूला हसू फुटलं. चांगलं हसू नव्हतं ते.

"कुणाला कळणार नाही!" तो म्हणाला. "ऐकलंस का भोंगे? कुणाला कळणार नाही म्हणे."

"गप रे तू."

"नाही, मी काय म्हणतो, बाई बरोबर बोलतायत. करून टाकू. घरी जाऊ. माझी उद्या पहाटेची फेरी आहे."

"मी नाही करणार," ठोक्या म्हणाला.

"मग वाजव ना वेगात! कोणी धरलंय?"

"बांबू!" भोंगा ओरडली, आणि तिचा आवाज मध्येच फाटला. तिने घसा धरला.

ठोक्याने दोन्ही स्टिका ड्रमवर ठेवल्या. "हे बघ. पहिल्या वेळी चूक झाली. कुणी केली नाही, झाली. ती निस्तरायला मी हात घालवला. तू तारा तोडल्यास, हिने गळा घालवला. आता तीच गोष्ट आपण ठरवून करायची? मग इतकी वर्षं आपण काय केलं? नुसतं उशीवर बडवत बसलो?"

"पहिल्या वेळी काय झालं?" स्टुडिओवालीने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी भोंगानेच सांगितलं. खालच्या आवाजात, दवाखान्यात सांगते तसं, ट्यूबपासून सगळं. स्टुडिओवाली ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत होता. ती आपल्याला आता हाकलून देणार, असं ठोक्याला वाटलं. त्याला तिच्यासाठी वाईट वाटलं. बिचारीने कुणावर भरवसा ठेवला, आणि निघाली काय तर सायकलची ट्यूब!

तिने स्टूल मागे सरकवलं. मग उठली. "बाहेर या," म्हणाली.

बाहेर बटणांसमोर तिने जुनी रेकॉर्ड लावली. "मी वेग कमी करत जाते. मॅडम, तुमचा आवाज तुम्हाला ओळखू आला की थांबवा."

गाणं किंचाळत सुरू झालं. तिने एक बटण फिरवायला घेतलं. गाणं खाली यायला लागलं, जड व्हायला लागलं. गिटारचा चिरकेपणा गेला. भोंगा काचेला टेकून उभी होती. आणखी थोडं खाली आल्यावर तिने एकदम हात वर केला.

"हां. इथे."

एक तरुण मुलगी गात होती. ओरडत होती खरी, पण घाई नव्हती तिला. शब्द न् शब्द कळत होता. मागचा ठेका दणकट होता, पाय रोवून उभा असल्यासारखा. आपण असे वाजवत होतो हे ठोक्या विसरूनच गेला होता. वाईट नव्हतं ते. चांगलं होतं. कंपनीला असंच ऐकवलं असतं तर कुणी लिहिलं असतं की नसतं, देव जाणे, पण चांगलं होतं.

"मी अशी गायचे?" भोंगा म्हणाली. "अगं बाई! मी चांगली गायचे की गं!" आणि पदर नव्हता म्हणून तिने डोळ्यांना बाही लावली. बांबू तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत राहिला.

शेवटचं गाणं संपलं. थोडी खरखर झाली. मग खोलीत एक पुरुषी, घोगरा, जरा दमलेला आवाज आला.

"झालं का रे? करू बंद?"

पाठोपाठ चपला फरफटत जवळ आल्या आणि बटण खट्‌कन दाबलं गेलं.

आधी बांबू बोलला. "भावोजी," तो म्हणाला. एवढंच.

ठोक्या बाहेर जाऊन पायरीवर बसला. आत आला तेव्हा त्याने मनगटाची पट्टी सोडून पुन्हा बांधून घेतली होती.

"आज जसं येतं तसं वाजवू," तो म्हणाला. "वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. कंपनीला नको असेल तर नको."

"कंपनीला नकोच असणार," बांबू म्हणाला, पण त्याने गिटार उचलली आणि तारा एकेक करून सैल केल्या.

त्या दिवशी आणि पुढच्या काही सुट्ट्यांत सगळी गाणी झाली. जाताना स्टुडिओवालीने जुन्या रेकॉर्डचा सावकाश केलेला शेवट ठोक्याच्या फोनवर घालून दिला. तिने त्याबद्दल कुणाला सांगितलं नाही, सांगणार नाही असंही म्हणाली नाही. ठोक्याने विचारलंही नाही.

नवीन रेकॉर्ड निघाली. कंपनीच्या माणसाने नाक मुरडलं, पण करार झालेला होता. ज्यांनी लिहिलं त्यांनी सावरून घेत लिहिलं. प्रामाणिक प्रयत्न, वयाची जाणीव, वगैरे. ‘दार आपटून’ची सर नाही, हे प्रत्येकाने न चुकता लिहिलं. एका टवाळाने लिहिलं की खडखडाटाचा आता खुळखुळा झाला. बांबूने ते फोन करून वाचून दाखवलं आणि दोघं बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले. हसून झाल्यावर फोन ठेवला, तेव्हा ठोक्याला फार थकवा वाटला. वाईट वाटलं, ते कशाला नाकारायचं. निदान एकाने तरी म्हणायला हवं होतं की ठेका चांगला आहे.

ताईला तो आवाज अजून ऐकवला नव्हता. रोज म्हणायचा, आज. फोन खिशातून काढायचा आणि परत ठेवायचा. ऐकून ती कोसळली तर? किंवा, त्याहून वाईट, ऐकून म्हणाली की हाही त्यांचा नाही, तर? मग शोधायला दुसरी जागाच उरली नसती.

एका सुट्टीच्या संध्याकाळी ताई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ठोक्या पट्टी सोडून गरम पाण्यात मनगट शेकत बसला होता.

"नवीन रेकॉर्ड कधी दाखवणार आहेस?" तिने विचारलं. "का बहिणीला ऐकवण्यासारखी नाही?"

त्याने लावली. ताई घड्या घालता घालता ऐकत होती. दोन गाणी झाल्यावर म्हणाली, "यात शब्द कळतात की रे. आणि तू धडपडत नाहीयेस. पूर्वी मला भीती वाटायची, हा पडतोय की काय."

ठोक्या पाण्यातला हात काढून बराच वेळ पुसत राहिला. एवढा वेळ लागावा इतका काही तो ओला नव्हता.

"ताई, जुन्या रेकॉर्डचा शेवट ऐकशील?"

"नको बाबा. ते पोरगं नको."

"पोरगं नाही. भावोजींच्या मशीनचा पट्टा ढिला होता गं, म्हणून रेकॉर्डवर सगळं घाईघाईत आलं. त्यांचा आवाजसुद्धा. आता ते नीट केलंय. म्हणजे त्या दिवशी होतं तसं."

ताईने हातातला सदरा मांडीवर ठेवला. "त्यांना माहीत होतं हे?"

"होतं. आम्ही बोलू दिलं नाही."

ताईने सदऱ्याची बाही सरळ केली. मग नुसती मान हलवली, लाव अशी.

ठोक्याने फोन त्या घड्यांच्या ढिगाशेजारी ठेवला. गाण्याचा शेवटचा तुकडा वाजला, त्याचाच दणकट, तरुण ठेका. तो थांबला. खरखर झाली.

"झालं का रे?" भावोजींनी दारातून विचारलं. "करू बंद?"

"नको," ताई म्हणाली. "राहू द्या जरा."

पण ते निघाले होते. चपला फरफटत जवळ आल्या आणि बटण खट्‌कन दाबलं गेलं.